परक्या शहरातील पथारी

१८७१ साली मुंबई-मद्रास लोहमार्ग रायचूर येथे सांधला गेला आणि आमचे गुलबर्गे मुंबईच्या वाटेवर आले. भाडे जुळवून नोकरीच्या शोधार्थ जाणे सुकर झाले; परंतु नोकरी लाभेपर्यंत राहावे कोठे?

मुंबईत गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींनी यावर उपाय काढला. धोबीतलाव, माझगाव या भागांत त्यांच्या अनेक गावांनी आपापली ‘कूड’, म्हणजे कोंकणीत खोली, स्थापन केली. अल्प वर्गणीत गावकऱ्यास पथारीपुरती आणि पेटीपुरती जागा मिळे. सायंकाळी वेदीपुढे जपमाळेस मात्र हजर राहावे लागे. बोटीची वाट पाहणारा खलाशीही तेथेच थांबे. शिफारसपत्रापेक्षा गावाचे नाव मोठे! ज्याच्या गावाची कूड नव्हती, त्याने नातलगाच्या चाळीतील खोलीत यजमानिणीच्या मुद्रेकडे पाहत दिवस मोजावे.