हॅकिंगला सत्याग्रह म्हणायचं का?

झरी जामणीत हा प्रश्न विचारला, तर आधी शेजारच्या वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे आठवतात. 10 जुलै 1930 ला त्यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापलं. कायदा मोडणार हे आधी जाहीर करून. अटकही झाली.

आता 1998 घ्या. मे महिन्यात पोखरणच्या चाचण्या झाल्या आणि जूनच्या सुरुवातीला ‘मिल्वर्म’ नावाचा गट मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सर्व्हरमध्ये घुसला. वेगवेगळ्या देशांतली, बहुतेक विशीच्या आतली पोरं, विरोध अण्वस्त्रांना. त्यांनी संकेतस्थळावर अणुस्फोटाच्या ढगाचं चित्र लावलं, ईमेल उचलले, वर काही डेटा पुसूनही टाकला.

टोपणनावांआड लपले म्हणून मी त्यांना नापास करणार नाही. 1942 मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांचा काँग्रेस रेडिओही मुंबईत जागा बदलत, लपूनछपूनच चालायचा. चित्राचंही मला काही वाटत नाही, ते भिंतीवर घोषणा लिहिण्यासारखंच झालं. खटकतं ते पुसणं, आणि दुसऱ्यांची पत्रं उचलणं. चाचण्यांचा निर्णय दिल्लीत झाला होता. पत्रं मात्र ट्रॉम्ब्यात काम करणाऱ्यांची उघडी पडली.