दोन घड्याळे : बेटांवरचे थांबे आणि पाण्याखालचा वेळ

१८३६ च्या एप्रिल महिन्यात 'बीगल' हे जहाज हिंदी महासागरातील कीलिंग बेटांपाशी येऊन थांबले. १ तारखेला ते आले आणि १२ तारखेला निघून गेले. चार्ल्स डार्विनला प्रवाळबेट निवांतपणे पाहायला मिळाले ते एवढेच. प्रवाळबेटे कशी बनतात याविषयीचा त्याचा सिद्धान्त मात्र त्याआधीच, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, एकही खरे प्रवाळबेट पाहिलेले नसताना, मनात तयार झाला होता. कीलिंगला तो पडताळून पाहायचा होता. कप्तान फिट्झरॉयने बेटाच्या बाहेरच्या कडेवर शिशाचा ओळंबा सोडून खोली मोजली. ओळंब्याच्या तळाला चरबी फासलेली असे. दहा वावांच्या आत ही चरबी वर येई तेव्हा तिच्यावर जिवंत प्रवाळांचे ठसे असत आणि ती स्वच्छ असे. खोली वाढत जाई तसे ठसे विरळ होत आणि वाळूचे कण चिकटू लागत. पुढे नुसती वाळू. जिवंत प्रवाळ उथळ पाण्यातच वाढतो, हे डार्विनने त्या चरबीवरून वाचले.

'वाचले' हे क्रियापद येथे मुद्दाम वापरले आहे. १८४२ साली प्रसिद्ध झालेला डार्विनचा प्रवाळांवरील ग्रंथ समुद्राखालच्या एका विलक्षण रचनेविषयी आहे, पण ती रचना लेखकाने खालून कधीच पाहिलेली नाही. लांब काठीच्या आधाराने उड्या मारीत तो भरतीच्या लाटा फुटतात त्या कडेपर्यंत गेला, तेथून खाली डोकावला, आणि परत फिरला. प्रवाळाची भिंत त्याच्यापासून काही हातांवर होती.

साहित्याचे विद्यार्थी प्रवासवर्णन वाचतात तेव्हा 'लेखकाने काय पाहिले' हा प्रश्न सहज विचारला जातो. 'त्याच्यापाशी किती वेळ होता' हा प्रश्न क्वचितच. समुद्राखालच्या जगाविषयीच्या लेखनात मात्र हा दुसरा प्रश्न टाळताच येत नाही. या लेखनाचा बहुतेक सगळा इतिहास जहाजाच्या थांब्यांचा इतिहास आहे. बेट येते, नांगर पडतो, कोणीतरी पाण्यात उतरते, आणि ठरल्या वेळी जहाज निघते. आज क्रूझवर निघालेला प्रवासी एका बेटावर सकाळी आठला उतरून संध्याकाळी पाचच्या आत परतायचे, आणि त्यात दोन बुड्या बसवायच्या, असे गणित मांडतो. ते गणित त्याचे एकट्याचे नाही. त्यामागे सुमारे शंभर वर्षांची, पुष्कळशी वेदनेची, परंपरा आहे.

वेदनेपासूनच सुरुवात करू. एकोणिसाव्या शतकात नद्यांवर मोठे पूल बांधताना मजुरांना दाबाखालच्या हवेने भरलेल्या पेट्यांत, कैसनांत, उतरून तळ खणावा लागे. वर आल्यावर त्यांचे सांधे असह्य दुखत. काही लुळे पडत, काही मरत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग हाही १८७२ साली या विकाराने खचला. पॉल बेर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८७८ च्या आपल्या ग्रंथात कारण स्पष्ट केले. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. दाब एकदम उतरला की त्याचे बुडबुडे होतात. सोड्याच्या बाटलीचे बूच उघडावे तसे. उपायही त्याने सांगितला : सावकाश वर या. पण सावकाश म्हणजे किती, हे ठरायला आणखी तीस वर्षे लागली.

ते ठरवले जॉन स्कॉट हॉल्डेन याने, बॉयकॉट आणि डॅमंट या दोन सहकाऱ्यांसह, १९०८ साली. लंडनच्या लिस्टर संस्थेतील दाबाच्या कोठडीत त्यांनी शेळ्या ठेवल्या. कोठडीतून बाहेर आल्यावर शेळीने पुढचा एखादा पाय उचलून धरला, की तिचा सांधा दुखतो आहे असे समजायचे. शेळी बोलत नाही. तेव्हा उचललेला पाय हीच तिची भाषा. या निरीक्षणांतून हॉल्डेनने दोन गोष्टी काढल्या. एक, शरीरावरचा एकूण दाब निम्म्यावर आणला तरी सहसा अपाय होत नाही. म्हणून पाणबुड्याने आधी बरेच अंतर भराभर वर यावे आणि मग टप्प्याटप्प्याने थांबत यावे. दुसरी, शरीर हे एकच भांडे नव्हे. काही ऊती पाच मिनिटांत निम्म्या भरतात, काहींना पंचाहत्तर मिनिटे लागतात, आणि रिकाम्या होतानाही त्यांची चाल अशीच वेगवेगळी असते. ब्रिटिश नौदलाने ही कोष्टके स्वीकारली. आजच्या मनगटावरच्या यंत्रांतले हिशोब पुष्कळ पुढे गेले आहेत, तरी त्यांची मूळ कल्पना हीच.

(थोडे विषयांतर. १९०६ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर या कोष्टकांच्या चाचण्या चालल्या होत्या, तेव्हा हॉल्डेनच्या तेरा वर्षांच्या मुलालाही पाण्यात उतरवले गेले. पोशाख मापाचा नव्हता. त्यात पाणी शिरले. हा मुलगा म्हणजेच जे. बी. एस. हॉल्डेन. १९५७ साली तो भारतात आला, भारताचा नागरिक झाला, आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला.)

कोष्टके नौदलापाशी होती. निसर्गाभ्यासक मात्र अजून वरून डोकावत होते. ओयगेन फॉन रान्सोने या ऑस्ट्रियन चित्रकाराने १८६० च्या दशकात सिलोनच्या किनाऱ्यावर पाण्यातल्या घंटेत बसून समुद्रतळाची चित्रे काढली, पण तो अपवाद. जहाजाच्या थांब्याला पाण्याखाली नेण्याचे काम खऱ्या अर्थाने केले ते विल्यम बीबी याने. न्यूयॉर्क प्राणिशास्त्र संस्थेच्या वतीने १९२५ साली 'आर्क्ट्यूरस' हे वाफेचे जहाज सार्गासो समुद्र, गॅलापॅगोस आणि कोकोस बेट अशा फेरीवर निघाले. बीबीपाशी तांब्याचे शिरस्त्राण होते. खांद्यांवर टेकवायचे, खालून उघडे, वर होडीतल्या हातपंपाला नळीने जोडलेले. वाकले की आत पाणी शिरे. संकट आलेच तर शिरस्त्राण टाकून वर पोहून यायचे. टॉवर बेटाच्या (आजचे हेनोव्हेसा) ज्या खाडीला त्याने डार्विनचे नाव दिले होते, तेथे तो खाली उतरला. डार्विन ज्याच्या कडेवरून परतला, ते पाण्याखालचे जग नव्वद वर्षांनी त्याच्या एका वाचकाने आतून पाहिले.

'द आर्क्ट्यूरस ॲडव्हेंचर' (१९२६) हे बीबीचे पुस्तक आज वाचताना दोन गोष्टी जाणवतात. पहिली, गद्याची भरारी. पहिल्यांदाच पाहणाऱ्याचा आनंद त्यात आहे, आणि तो खोटा नाही. दुसरी गोष्ट वाक्यांच्या मागे आहे : पंपावरचा माणूस. कथनात तो अधूनमधून डोकावतो आणि नाहीसा होतो, पण खालचे प्रत्येक मिनिट त्याच्या हातांनी दिलेले असते. मोहिमेची इतिहासकार रूथ रोझ हिने पुढे 'किंग काँग' (१९३३) या चित्रपटाच्या पटकथालेखनात भाग घेतला. दूरच्या बेटावर जाणारे जहाज, चित्रीकरणाची घाई आणि धोका यांचे त्या कथेतले मिश्रण तिला कोठून सुचले असेल, याचा फार शोध घ्यावा लागत नाही. बीबीचे वेळापत्रकही निसर्गाने मोडले. एप्रिलमध्ये आल्बेमार्ल बेटावर ज्वालामुखी जागा झाला, आणि मोहिमेने त्याकडे मोर्चा वळवला.

यानंतरच्या पिढीने हवेची नळीच तोडली. व्हिएन्नाचा हान्स हास १९३९ साली दोन मित्रांसह क्युरासाव आणि बोनेअर या कॅरिबियन बेटांवर गेला, तो भाला आणि कॅमेरा घेऊन. पुढे त्याने शुद्ध प्राणवायूचे उपकरण पाठीवर घेतले. त्यात नायट्रोजनच नाही, म्हणून बुडबुड्यांचा प्रश्न नाही. थांबत थांबत वर येण्याचीही गरज नाही. पण शुद्ध प्राणवायू काही मीटर खोलीपलीकडे विषासारखा वागतो आणि माणसाला झटके येऊ शकतात. म्हणजे वेळ मिळाला, खोली गेली. याच सुमारास, १९४३ साली, झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी साध्या हवेवर चालणारे 'ॲक्वालंग' सिद्ध केले. तेथे खोली मिळाली, पण हॉल्डेनचे घड्याळ पुन्हा चालू झाले. या दोन उपकरणांमागे दोन वेगळी वेळापत्रके आहेत, आणि त्या दोघांच्या लेखनाचा वेगवेगळा स्वभाव मला तरी यातूनच काहीसा समजतो. हासचे पुस्तक उथळ, उजेडी पाण्यात रेंगाळते. कुस्तोच्या 'द सायलेंट वर्ल्ड' (१९५३) या पुस्तकाला खोलीची ओढ आहे. नायट्रोजनच्या धुंदीचे त्यातले वर्णन गाजले ते उगाच नव्हे.

त्याच नावाचा कुस्तो आणि लुई माल यांचा चित्रपट १९५६ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवून गेला. 'कॅलिप्सो' जहाज तांबडा समुद्र आणि हिंदी महासागर यांत थांबत थांबत जाते. या चित्रपटात एक प्रसंग असा आहे की, प्रवाळाच्या एका भागात किती जातींचे मासे आहेत हे मोजण्यासाठी सुरुंग उडवला जातो आणि मेलेले मासे गोळा केले जातात. संपूर्ण गणती करायची तर दुसरा मार्ग नाही, असे समर्थनही त्यात आहे. आजच्या प्रेक्षकाला धक्का बसतो, आणि बसायलाच हवा. पण त्या धक्क्यात एक गोष्ट निसटते. सुरुंग ही क्रौर्याइतकीच घाईचीही खूण आहे. महिनोन्‌महिने एका जागी बसून मोजता येईल ते, थांबा संपण्याआधी एका दुपारी मोजायचे होते. थांब्याची मर्यादा पाहणाऱ्याच्या हातात काय देते, याचे याहून उघड उदाहरण मला माहीत नाही.

एका बुडीचे गणित हॉल्डेनने दिले होते. दिवसातून दोनदा, तीनदा उतरणाऱ्याचे काय? अमेरिकन नौदलाने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचे उत्तर देणारी कोष्टके तयार केली. पहिल्या बुडीनंतर पाणबुड्याला एक अक्षर मिळते, आणि त्या अक्षरावरून शरीरात उरलेला नायट्रोजन कळतो. पाण्याबाहेर जितका वेळ काढाल तितके अक्षर वर्णमालेत मागे सरकते. दुसऱ्या बुडीला उतरताना त्या उरलेल्या नायट्रोजनाची मिनिटे खात्यावर आधीच जमा धरली जातात. उदाहरणार्थ, त्या कोष्टकांप्रमाणे साठ फुटांवर साठ मिनिटे राहून न थांबता वर येता येई. पण तासाभराने पुन्हा तेथेच उतरणाऱ्याला पूर्ण साठ मिनिटे नव्हती, कारण त्यांतली पुष्कळशी त्याने, पाण्यात पाय न टाकताच, खर्चलेली होती. क्रूझवरच्या प्रवाशाचे सगळे नियोजन या एका कल्पनेवर उभे आहे. खोल बुडी आधी, उथळ नंतर. मध्ये होडीवर तासभर ऊन खात बसणे. आणि बेटाचे घड्याळ व जहाजाचे घड्याळ यांत एक तासाचा फरक असेल तर जहाजाच्या घड्याळाला मान देणे. ग्रँड केमनसारख्या ठिकाणी मोठी जहाजे धक्क्याला लागत नाहीत. ती बाहेर नांगर टाकतात आणि लहान होड्या प्रवाशांना ने-आण करतात. त्या रांगेतला वेळही बुडीतूनच वजा होतो. शेवटच्या बंदरात तर आणखी एक हिशोब येतो. विमानातला दाब जमिनीपेक्षा कमी असतो. म्हणून अनेक दिवस बुड्या मारलेल्याने उड्डाणापूर्वी किमान अठरा तास पाण्याबाहेर राहावे, अशी शिफारस आहे. दुसऱ्या दिवशी पहाटेचे विमान असेल तर आदल्या दुपारचा प्रवाळ होडीच्या काठावरूनच पाहायचा. डार्विनसारखा.

१९५७-५८ मध्ये हास आपल्या तीन डोलकाठ्यांच्या 'झारिफा' जहाजाने पुन्हा निघाला. तांबडा समुद्र, मालदीव, सिलोन, निकोबार. या फेरीत वाळूत शेपटी रोवून, गवतासारख्या डोलणाऱ्या बारीक ईलमाशांच्या वसाहती अभ्यासल्या गेल्या. माणसाची चाहूल लागली की सगळे रान वाळूत नाहीसे होते. पुन्हा उगवेपर्यंत न हलता वाट पाहावी लागते. १९५९ साली त्यांतल्या एका जातीला जहाजाचे आणि हासचे अशी दोन्ही नावे मिळाली : 'झारिफानिया हासी'. पुढे वर्गीकरण बदलले आणि जहाजाचे नाव गळाले. वाट पाहणाऱ्याचे राहिले.

बीबीने पाहिलेल्या गॅलापॅगोसचे मात्र तसे झाले नाही. १९८२-८३ च्या एल निन्योत समुद्र तापला आणि तेथले पंचाण्णव टक्क्यांहून अधिक प्रवाळ मेले; कोकोस बेटालाही तसाच तडाखा बसला. त्यामुळे १९२५ च्या त्या थोड्या दिवसांत, पंपावरच्या माणसाच्या भरवशावर, शिरस्त्राणाच्या काचेतून टिपलेली वाक्ये आता नुसते प्रवासवर्णन राहिलेली नाहीत. ती साक्ष आहेत, अपुरी, घाईची, पण दुसरी फारशी नाही. वर्गात ती वाचताना अलंकार जरूर दाखवावेत. त्याआधी बीबी किती खोल होता आणि किती मिनिटे होता, हेही फळ्यावर लिहावे.

गॅलापॅगोसच्या उत्तर टोकाला डार्विनचे नाव असलेले एक लहान बेट आहे. त्याच्या समोर पाण्यात दगडी कमान उभी होती, आणि तिच्याखाली देवमाशाएवढे व्हेल शार्क पाहण्यासाठी स्कूबा-जहाजे थांबत. १७ मे २०२१ रोजी ती कमान कोसळली. दोन खांब उरले आहेत. जहाजे अजून तेथे थांबतात.