एकूण चढाईची कुळकथा

19 सप्टेंबर 1648 च्या सकाळी फ्रान्समधल्या क्लेर्माँ गावातल्या एका मठाच्या बागेत फ्लोराँ पेरिएने पाऱ्याच्या दोन नळ्या उभ्या केल्या. डोंगर चढल्यावर पारा उतरतो का, हे बघायची विनंती त्याचा मेहुणा ब्लेझ पास्काल याने केली होती. एक नळी बागेतच ठेवून दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला एक पाद्री बसवला. दुसरी घेऊन मंडळी प्वी-द-दोम डोंगरावर गेली. माथ्यावर पारा सुमारे साडेआठ सेंटिमीटर खाली आला, बागेतला मात्र जागचा हलला नाही.

या सगळ्या प्रयोगात मला सर्वांत मोलाची वाटते ती बागेतली नळी. पारा हवामानानेही हलतो, आणि फरक नक्की चढाचाच आहे याची साक्ष तिनेच दिली. हवेच्या दाबावरून उंची मोजणाऱ्या आपल्या मनगटावरच्या घड्याळाला अशी साक्षीदार नसते. पावसाळ्यात हवेचा दाब एका हेक्टोपास्कलने उतरला, तर टपरीवर चहा पीत बसलेला ट्रेकरही घड्याळाच्या लेखी आठेक मीटर वर चढतो.

1844 मध्ये ल्युसियाँ विदी याने पाऱ्याऐवजी हवा काढून घेतलेली धातूची डबी वापरली, आणि पुढे उंचीमापक खिशात मावू लागला. पण तो सांगे ती उंची, चढणाऱ्याचे श्रम नव्हेत. श्रमांचा वेगळा हिशेब मांडला तो स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने, 1892 मध्ये: नकाशावरच्या दर तीन मैलांना एक तास, आणि दर 2000 फूट चढाला आणखी एक तास. माझ्या मते एकूण चढाईचा, म्हणजे वाटेतल्या सगळ्या चढांच्या बेरजेचा, खरा जन्म इथे झाला. कात्रज ते सिंहगड ही वाट रात्री चाललेल्या कोणालाही हे पटेल. दोन टोकांच्या उंचीतला फरक तिथे काहीच सांगत नाही. दर टेकडीवर कमावलेली उंची पुढच्या खिंडीत गमवावी लागते, आणि पाय प्रत्येक चढ नव्याने मोजतात.

ही बेरीज यंत्राकडून करून घेताना वेगळीच अडचण आली. दाबाचा आकडा सतत थरथरत असतो. प्रत्येक थरथर चढ म्हणून धरली, तर सपाट रस्त्याचाही घाट होईल. अमेरिकन अभियंता आणि कसलेला सायकलस्वार योब्स्ट ब्रँट याने अवोसेट कंपनीच्या सायकल-मापकासाठी यावर तोड काढली. ठरावीक मर्यादेपलीकडे उंची वाढली तरच ती बेरजेत घ्यायची. त्याचं पेटंट 1991 चं आहे. मर्यादा लहान ठेवली की एकूण चढ फुगतो, मोठी ठेवली की आक्रसतो. त्यामुळे एकाच वाटेवरून सोबत आलेल्या दोघांचे आकडे वेगळे निघतात, आणि दोन्ही यंत्रं आपापल्या नियमाने बरोबर असतात.

फोनमधल्या जीपीएसची उंची आणखी डळमळीत असते. म्हणून अनेक ॲप्स ती बाजूला ठेवून जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशावरून हिशेब करतात. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीचा मोठा भाग मोजला, त्यातून असा एक नकाशा तयार झाला. त्यातला एकेक चौकोन तीस किंवा नव्वद मीटरचा. मैदानात तेवढं चालतं. सह्याद्रीत त्या एका चौकोनात अख्खा कडा बसतो, आणि कड्याच्या पोटातून जाणाऱ्या आडव्या, सपाट वाटेचा माग थोडा जरी सरकला, तरी ॲप तुम्हाला त्या कड्यावर चढवून पुन्हा खाली उतरवतं.