मार्च एंडिंगचा ताण : ओळखायचा कसा, हलका करायचा कसा, मदत कुठे मिळते

बेळगाव : फेब्रुवारी संपत आला की खडेबाजार, गणपत गल्ली, टिळकवाडी या भागांतल्या हिशेबाच्या ऑफिसांत एकच उत्तर ऐकू येतं. लग्नाला का आला नाहीत? "मार्च चाललाय बघा." पोटात दुखतंय तर डॉक्टरला दाखवलं का? "मार्च होऊ दे, मग बघू." सहकारी बँका, पतसंस्था, सीएंची ऑफिसं, उद्यमबागेतल्या कारखान्यांचे अकाउंट्स विभाग, होलसेल दुकानांतले दिवाणजी, या सगळ्यांचा हा महिना साधारण सारखाच जातो. वर्षाचा हिशेब बंद करायचा, वसुलीचं टार्गेट गाठायचं, ऑडिटरला कागद द्यायचे आणि त्यातच घरी मुलाची एसएसएलसीची परीक्षा.

बी.कॉम. झाल्यावर, बातमीदारीत येण्याआधी, मीही चार वर्षं अशाच एका ऑफिसात काढली. तिसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये एका पार्टीचं कॅशबुक आणि बँकेचं स्टेटमेंट जुळेना. फरक १८० रुपयांचा. रात्री साडेदहापासून दीडपर्यंत तो शोधत बसलो आणि तसाच घरी गेलो. सकाळी शेजारच्या टेबलावरच्या वयस्कर सहकाऱ्यांनी पाच मिनिटांत काढून दिला. ५,६४० च्या जागी मी ५,४६० लिहिले होते. ते म्हणाले, "फरकाला ९ ने भाग जातोय, म्हणजे आकडे उलटे पडलेत. एवढं ठाऊक नाही होय रे तुला?" ठाऊक होतं की. कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात ते. पण रात्री एक वाजता आठवलं नाही.

कामाच्या ताणाची पहिली खूण बहुतेकदा अशीच असते. रडू येणं, चक्कर येणं ह्या पुढच्या गोष्टी. त्याआधी माणसाला येत असलेलं काम येईनासं होतं. बेरीज दोनदा तपासावी लागते, तेच पत्र तीनदा वाचावं लागतं, ओळखीच्या पार्टीचं नाव तोंडावर येत नाही. आपण त्याला वेंधळेपणा म्हणतो आणि भरपाई म्हणून आणखी दोन तास बसतो. त्या दोन तासांत आणखी चुका होतात.

ताण म्हणजे नेमकं काय

हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये ताणावरचा आपला पहिला महत्त्वाचा लेख लिहिला, तेव्हापासून या विषयाचा शास्त्रीय अभ्यास वाढत गेला. समोर संकट दिसलं की शरीरात अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात. छाती धडधडते, स्नायू आवळतात, लक्ष एका जागी येतं. थोडा वेळ हे उपयोगीच असतं. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी हात भराभर चालतात ते त्यामुळेच. काम संपल्यावर शरीर पुन्हा खाली यायला हवं. महिनाभर ते खाली येतच नाही, तेव्हा झोप, पचन, रक्तदाब आणि स्वभाव या चारही ठिकाणी बिघाड दिसू लागतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याची व्याख्या दिली. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही, नोकरीशी जोडलेली अवस्था म्हटलंय. कामाचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही की ती येते आणि तिच्या खुणा तीन : अंगातलं बळ संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. यातली दुसरी खूण घरच्यांना आधी कळते. एरवी पार्टीशी हसून बोलणारा माणूस फोन वाजला की शिवी हासडायला लागतो.

किती तास म्हणजे फार? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र केलेला अभ्यास सांगतो, की आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ७२ तास. जेवणाचा तास रोज वजा केला तरी ६६ उरतात. आपल्याकडे मार्चमध्ये हे कुणी मोजतही नाही.

मालक झोपतो, कारकून जागा राहतो

एक गोष्ट मला त्या ऑफिसात कोड्यासारखी वाटायची. साहेबही आमच्याइतकेच तास बसायचे. जोखीम त्यांची, सही त्यांची, नोटीस आली तर नाव त्यांचं. तरी ते रात्री घरी जाऊन झोपायचे आणि आम्ही पोरं छताकडे बघत पडायचो.

याचं उत्तर पुढे वाचनात सापडलं. रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकन संशोधकाने १९७९ मध्ये मांडलं, की ताण केवळ कामाच्या ओझ्यावर ठरत नाही. ओझं जास्त आणि ते कसं, कधी, कोणत्या क्रमाने उचलायचं यावर आपला अधिकार मात्र नाही, ही जोडी सगळ्यांत वाईट. ओझं तेवढंच, पण ठरवायची मुभा असेल तर तेच काम माणूस शिकत शिकत पार पाडतो. साहेब ठरवू शकत होते, आज अमक्याची फाइल बाजूला ठेवा म्हणून. आम्हाला सगळ्याच फाइली 'अर्जंट' म्हणून मिळायच्या.

पिग्मी कलेक्टरचं उदाहरण याहून बोलकं आहे. रोज दुकानोदुकानी फिरून ठेव गोळा करायची ही पद्धत १९२८ साली कर्नाटकातल्याच सिंडिकेट बँकेने सुरू केली. आज आपल्या भागातल्या कितीतरी पतसंस्था तिच्यावर उभ्या आहेत. कलेक्टरला मिळतं कमिशन. व्याजदर तो ठरवत नाही, कर्ज कुणाला द्यायचं हे तर नाहीच. पण संस्थेत पैसे अडकले तर लोक संचालकाच्या बंगल्यावर आधी जात नाहीत, रोज दारात येणाऱ्या कलेक्टरला धरतात. शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत तोंड चुकवत दुसऱ्या रस्त्याने जाणारे कलेक्टर मी पाहिलेत. हा माणूस कुठल्या ऑफिसच्या 'स्टाफ वेलफेअर'मध्ये बसतो?

सीमाभागात आणखी एक पदर आहे, त्याबद्दल उघड बोललं जात नाही. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला कन्नडमधलं परिपत्रक आलं की अर्थ लावण्यातच अर्धा तास जातो. चूक झाली तर ती भाषेची की कामाची, हे कुणी विचारत नाही. उलट बाजूही तशीच. बँकेत लांबच्या राज्यातून बदलून आलेला तरुण अधिकारी काउंटरवर बसतो, समोर एक आजी मराठीत बोलते, दुसरे काका कन्नडमध्ये, आणि दोघेही त्याच्यावर वैतागतात. अशा वेळी शेजारच्या टेबलावरच्या दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाला रीतसर पंधरा मिनिटं मदतीला दिली तर खूप फरक पडतो. बहुतेक ठिकाणी हे काम तो 'उपकार' म्हणून करतो आणि त्याचं स्वतःचं काम मागे पडतं.

टेबलावर बसून करता येण्यासारखं

दीर्घ श्वास, ध्यान, योगासनं यांचा उपयोग होतो. पण ३६ फाइली टेबलावर ठेवून भिंतीवर 'हसत राहा'चं पोस्टर लावणाऱ्या ऑफिसांवर माझा विश्वास नाही. ओझ्याची मांडणी बदलली तर पोस्टरची गरज उरत नाही.

पहिली गोष्ट, मार्च मार्चमध्ये करू नये. बँक रिकन्सिलिएशन महिन्याच्या महिन्याला झालं तर शेवटी एकाच महिन्याचं उरतं. जीएसटी आल्यापासून, म्हणजे १ जुलै २०१७ पासून, बऱ्याच व्यापाऱ्यांना महिन्याच्या ११ आणि २० तारखेची सवय झालीच आहे. त्याच फेरीत बँकेचं स्टेटमेंट मागून घ्यायचं. पार्टीकडून कागद यायला उशीर होतो ही खरी रड. त्यावर टिळकवाडीतल्या एका छोट्या ऑफिसाने केलेली युक्ती मला आवडली. फेब्रुवारीच्या मध्याला ते पार्टीला निरोप पाठवतात : या तारखेच्या आत कागद आले तर काम मार्चमध्ये, नंतर आले तर एप्रिलमध्ये. दोन-तीन पार्ट्या रुसल्या म्हणे. बाकीच्यांनी पिशव्या भरून आणून दिल्या.

दुसरी, क्रम विचारून घ्यायचा. दोन कामं एकदम अंगावर आली की आपण 'हो साहेब' म्हणतो आणि आतल्या आत जळतो. त्याऐवजी, "साहेब, दोन्ही आज होणार नाहीत, आधी कुठलं देऊ?" एवढंच विचारावं. नकार दिला नाही, तक्रार केली नाही, निर्णय ज्याचा आहे त्याच्याकडे गेला. पहिल्यांदा जीभ अडखळते. तिसऱ्यांदा साहेबच सकाळी सांगायला लागतात.

तिसरी माझ्या १८० रुपयांची. रात्री आठनंतर जुळवणीचं, तपासणीचं काम करू नये. फाइली लावणं, प्रिंट काढणं, दुसऱ्या दिवशीची यादी करणं चालेल. न सापडणारा फरक सकाळच्या डोक्यासाठी ठेवावा. जेवताना खुर्ची सोडावी. टपरीवर जाऊन कुणीतरी "काय करूलास?" म्हणून विचारणं हेही औषधच आहे. मात्र चहा मोजावा. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. सात वाजता घेतलेला कडक चहा बारा वाजता अंथरुणात सोबतीला असतो.

झोपेसाठी मेडिकलमधून गोळी आणणं किंवा 'थोडी घेतली की झोप लागते' हे टाळावंच. दारूने डोळा लागतो, पण झोप तुटक होते आणि सकाळ आणखी जड जाते.

बायकांच्या बाबतीत हा हिशेब वेगळा मांडावा लागतो. खानापूरहून सकाळची गाडी पकडून बेळगावला येणाऱ्या, संध्याकाळी परत जाऊन स्वयंपाकाला लागणाऱ्या अकाउंटंटला 'आज जरा उशिरापर्यंत थांबा' म्हणजे शेवटची सोयीची गाडी चुकवा, असा अर्थ होतो. थांबायचं असेल तर आदल्या दिवशी सांगणं एवढं तरी ऑफिसाने पाळावं.

मालकांच्या बाजूने

१९६१ च्या कर्नाटक दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांचा दंडक घातला आणि जादा वेळेला दुप्पट दराने मोबदला ठरवला. मार्चमध्ये ओव्हरटाइम लागणारच. पण तो वहीत लिहिला गेला, की निदान किती घेतोय हे दोघांनाही दिसतं.

बँकांमध्ये एक गमतीचा नियम आहे. संवेदनशील पदांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, आधी न सांगता, सलग किमान १० कामकाजाचे दिवस सक्तीच्या सुट्टीवर पाठवायचं, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये पुन्हा बजावलं. हेतू आरामाचा नाही. त्या खुर्चीवर दुसरा बसला की लपवलेला घोळ बाहेर येतो, म्हणून. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध होते. "मी नसलो तर ऑफिस बंद पडेल" असं वाटणारा माणूस दहा दिवस नसला तरी काउंटर चालू राहतो. एका कामाला दोन माणसं तयार ठेवणं पतसंस्थांना आणि छोट्या ऑफिसांनाही जमण्यासारखं आहे.

डॉक्टरकडे कधी जायचं, आणि कुठे

दोन आठवडे सलग मन उदास आहे, झोप लागत नाही, भूक गेली, आवडत्या गोष्टीत रस नाही, तर ३१ मार्चची वाट बघू नये. छातीत दुखलं, हात बधिर झाला तर तो ताण समजून घरी बसू नये, आधी हृदयाची तपासणी. 'जगून काय उपयोग' असे विचार येत असतील किंवा सहकारी तसं बोलत असेल, तर त्याच दिवशी मदत घ्यावी आणि त्या माणसाला एकटं सोडू नये.

केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत फोन सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. ती २४ तास चालते आणि मराठी, कन्नड दोन्ही भाषांत बोलता येतं. प्रत्यक्ष उपचारासाठी बेळगावचं जिल्हा रुग्णालय आहे. पाऊणशे किलोमीटरवर धारवाडला डिमहॅन्स ही सरकारी मनोरुग्ण संस्था आहे. तिथे गेलेला माणूस 'वेडा' ठरतो ही भीती आपल्या भागात अजून आहे. धारवाडला जाऊन येणारे कितीतरी लोक घरी 'कामानिमित्त गेलो होतो' एवढंच सांगतात. सांगू देत, जाऊन आले हे महत्त्वाचं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे, त्यामुळे डॉक्टरने ऑफिसला कळवायचा प्रश्न येत नाही. याच कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांच्याच बरोबरीने आरोग्य विमा द्यायचा आहे. मात्र बऱ्याच पॉलिसींत फक्त दवाखान्यात भरती झाल्याचा खर्च मिळतो, नुसत्या तपासणीचा आणि गोळ्यांचा नाही. ऑफिसची ग्रुप मेडिक्लेम असेल तर ते पान काढून वाचावं, आणि नूतनीकरण एप्रिलमध्ये असेल तर ओपीडीचा खर्च त्यात घालता येतो का हे त्याआधीच विचारावं.