षट्कोनांत मांडलेले आकाश

सूर्याच्या अगदी शेजारचा तारा चार प्रकाशवर्षांहून अधिक दूर आहे आणि आपल्या आकाशगंगेचा व्यास सुमारे १,००,००० प्रकाशवर्षे भरतो, हे आपण शाळेत पाठ करतो आणि परीक्षेनंतर निर्वेधपणे विसरतो. कारण जे अंतर ओलांडताना गाठीचे काही खर्चावे लागत नाही, ते बुद्धीने मान्य केले तरी मनाला परकेच राहते. हा खर्च माणसाच्या पदरी घालण्याचा एक विलक्षण उद्योग अमेरिकेत १९७०च्या दशकात झाला, आणि तो झाला विद्यापीठांत वा वेधशाळांत नव्हे, तर कागद, पेन्सिल व फासे घेऊन मेजाभोवती बसणाऱ्या हौशी मंडळींत.

१९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाल्यापासून एक पंच जगाचे वर्णन करणार, बाकीचे त्या जगातील पात्रे होऊन वागणार आणि अनिश्चित प्रसंगी फासे निवाडा देणार, असा नवा खेळ रूढ झाला होता. त्याला अंतराळात नेण्याचा पहिला लक्षणीय प्रयत्न म्हणजे जेम्स वॉर्ड यांचा १९७६चा ‘मेटामॉर्फोसिस अल्फा’. परंतु त्यात सारे विश्व एका सुमारे ८० किलोमीटर लांबीच्या यानात कोंडलेले होते, आणि आपण यानात आहोत याचाच तेथील रहिवाशांना विसर पडलेला होता. कल्पना मोठी नामी, पण तारे मात्र बाहेरच राहिले.

पुढच्याच वर्षी इलिनॉय राज्यातील नॉर्मल या गावच्या ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ने मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ हा खेळ तीन लहान काळ्या पुस्तिकांच्या रूपाने बाजारात आणला. त्याचा नकाशा षट्कोनांचा. प्रत्येक षट्कोन एक पार्सेक, म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षे रुंद. आठ बाय दहा षट्कोनांचा एक परगणा आणि सोळा परगण्यांचा एक सुभा. पंचाने प्रत्येक षट्कोनासाठी फासा टाकावा आणि चार, पाच वा सहा पडल्यास तेथे एक जग आहे असे समजावे. हे आकाश सपाट होते, त्याला खोली नव्हती, आणि खगोलशास्त्राच्या कसोटीवर हा दोष अक्षम्यच म्हटला पाहिजे. परंतु घरच्या घरी ब्रह्मांड आखू पाहणाऱ्या पंचाची सोय त्यात पाहिली होती.

या खेळाचे खरे मर्म मात्र नकाशात नाही. ते त्याच्या कालगणनेत आहे. यान एका उडीत यंत्राच्या शक्तीनुसार एक ते सहा पार्सेक जाऊ शकते, पण उडी लहान असो वा मोठी, तिला सुमारे एक आठवडा लागतोच. आणि उडी सुरक्षितपणे घेण्यासाठी ग्रहापासून त्याच्या व्यासाच्या शंभरपट दूर जावे लागते, ज्यात पृथ्वीएवढ्या ग्रहापासून निघालेल्या साध्या व्यापारी यानाचे सहा-एक तास मोडतात. एका पार्सेकच्या उड्या घेणारे यान इंधनासाठी कोठेही न थांबता आकाशगंगा ओलांडू म्हणेल, तर सुमारे ५९० वर्षे लागतील. सहा पार्सेकवाल्यालाही शतकभर खपावे लागेल. ज्या सुभ्यात खेळाडूंची सारी हयात जाते, त्याची रुंदी आकाशगंगेच्या व्यासाचा जेमतेम हजारावा हिस्सा आहे.

त्यातही यान कर्जाऊ घेतलेले. पाचवा हिस्सा रोख भरायचा आणि पुढे ४८० महिने, म्हणजे चाळीस वर्षे, दरमहा किमतीचा २४०वा भाग सावकाराला द्यायचा, असा करार! त्यामुळे रिकामा षट्कोन पाहून खेळाडूला अनंताचे गूढ आठवत नाही. तेथे उतारू नाहीत, माल नाही, इंधन नाही, आणि हप्त्याची तारीख तर पुढे सरकत नाही, हे आठवते. विश्वाच्या विशालतेचे यापेक्षा अधिक प्रामाणिक वर्णन मला क्वचितच आढळले आहे.

पुढील काही वर्षांत या नियमांभोवती ११,००० जगांचे एक साम्राज्य कल्पिले गेले, आणि त्याची घडण त्या आठवड्यानेच ठरवली. यानाहून वेगाने जाणारा निरोप नसल्यामुळे सरकारी डाक चार-चार पार्सेकच्या उड्या घेत चौकी-चौकीने पुढे जाते; ही डाकयाने इतकी काटकसरीने बांधलेली की त्यांना ताऱ्याजवळ पोहोचल्यावर हलायचे यंत्रच नाही, दुसऱ्या यानाने त्यांना उचलून घ्यावे लागते. सीमेवर युद्ध पेटले तर दरबारी खबर पोहोचेपर्यंत महिने उलटलेले असतात, म्हणून सरहद्दीवरच्या सरदारांना हुकमाची वाट न पाहता निर्णयाचा अखत्यार द्यावाच लागतो. पेशवे दफ्तर चाळलेल्या वाचकाला या कारभाराचे नवल वाटणार नाही.

सपाट नकाशाचा दोष याच संस्थेने १९८६ साली आपल्या दुसऱ्या खेळात दूर केला. पुढे ‘२३०० एडी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या खेळासाठी खगोलशास्त्रज्ञ ग्लीझे यांच्या निकटच्या ताऱ्यांच्या सूचीचा आधार घेऊन सुमारे पन्नास प्रकाशवर्षांच्या आतील खऱ्याखुऱ्या ताऱ्यांची त्रिमितीय स्थाने देण्यात आली. यानांना एका दमात ७.७ प्रकाशवर्षांपलीकडे जाता येऊ नये, अशी अट घातली. मग खऱ्या आकाशातच वाटा उमटल्या: ज्या ताऱ्यांमधील अंतर या मर्यादेत बसते ते साखळीने जोडले गेले, बाकीचे डोळ्यांसमोर असूनही अगम्य राहिले, आणि मानवी वसाहतींच्या तीन शाखा तयार झाल्या. त्यांतल्या फ्रेंच व चिनी शाखा दूरवर फोफावल्या. अमेरिकन शाखा मात्र पुढचा तारा टप्प्यात नसल्यामुळे लवकरच खुंटली.