पुस्तक, उल्पान आणि मोबाईल : आपण भाषा कशा शिकलो

ठाण्याच्या एका कुटुंबाने अलीकडे आम्हांस एक प्रश्न विचारला. त्यांचे आलियाचे कागद होत आले आहेत. निघावयास अजून आठ-दहा महिने आहेत. एवढ्या अवधीत मोबाईलमधील सॉफ्टवेअरवर हिब्रू शिकून यावे, की इस्राएलमध्ये येऊन, उल्पानमध्ये बसून आणि लोकांत वावरूनच ती शिकावी? घरातील मुलगा म्हणतो, सॉफ्टवेअर पुरेसे आहे. आजीबाई म्हणतात, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही.

प्रश्न आजचा दिसतो, पण आपल्या समाजापुढे तो नवा नाही. हाती एखादे साधन घेऊन घरी बसून भाषा शिकावी, की ती बोलणाऱ्यांत जाऊन राहावे, ह्या दोन्ही वाटांनी बेने इस्राएल चालून आले आहेत. दोन्ही वाटांवर आपल्याला काही मिळाले आणि काही आपण गमावलेही. म्हणून त्या कुटुंबास उत्तर देण्यापूर्वी आपल्याच इतिहासाची पाने उलटावीत असे आम्हांस वाटले.

कोकणातील पहिली शाळा

आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, त्यांची गलबते फुटली आणि सर्वस्व समुद्रात गेले, असे परंपरा सांगते. पुढे ते कोकणातील गावोगावी पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हणविले गेले. त्यांना मराठी कोणी शिकविली? कोणीच नाही. शेजाऱ्याशी बोलताना, बाजारात तेल विकताना, बांधावर भांडताना ती आपोआप आली आणि इतकी पक्की बसली की तीच आपली मायबोली झाली. लोकांत राहून भाषा शिकण्याचे ह्याहून मोठे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

परंतु त्याच पाण्याने दुसरे काही धुऊन नेले. हिब्रू गेली. दाविद राहाबी कोकणात आले तेव्हा त्यांना येथे शब्बाथ पाळणारे, खवले आणि पर असलेलीच मासळी खाणारे लोक आढळले, पण त्यांच्या ओठी हिब्रूचा म्हणावा असा शेमाच काय तो उरला होता, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. एक भाषा अंगात मुरली आणि दुसरी शेमापुरती उरली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचीच उलट आवृत्ती घडावयाची होती.

पुस्तकांचे शतक

गेलेली हिब्रू परत आली ती पुस्तकांच्या मार्गाने. सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी, ह्यांनी १७९६ साली मुंबईत आपली पहिली मशीद, शाआर हारहमीम, बांधली. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी आणि हज्जानांनी प्रार्थना शिकविल्या. १८२९ साली मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. त्यांचा हेतू अर्थातच आपल्याला ख्रिस्ती करण्याचा होता. आपल्या लोकांनी व्याकरण घेतले आणि धर्म आपलाच ठेवला. १८४६ साली मुंबईत हिब्रू आणि मराठी अशी हग्गादा छापली गेली, १८७४ साली पुण्यात सचित्र हग्गादा निघाली. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहीमकर आणि त्यांच्या बंधूंनी मुंबईत इस्राएली शाळा काढली; तीच पुढे सर एली कदूरी शाळा ह्या नावाने ओळखली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) ह्यांनी तर आपल्या आयुष्याचा मोठा भाग प्रार्थनांची पुस्तके मराठीत आणण्यात घालविला.

ह्या मंडळींचे आपल्यावर उपकार आहेत. पण त्या शिक्षणाची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपण सिद्दुर वाचू शकत होतो, चाली पाठ होत्या, हज्जानाच्या चुका काढणारेही मशिदीत काही कमी नव्हते. मात्र त्या हिब्रूत कोणाला पेलाभर पाणी मागावयाचे म्हटले असते तर जीभ अडखळली असती. हा दोष पुस्तकाचा नव्हे आणि शिकणाऱ्याचाही नव्हे. मुंबईत हिब्रूतून पाणी मागण्याची वेळच कोणावर येत नव्हती. देवाशी बोलावयास जेवढी लागे तेवढी ती आली.

एका घरापासून

इकडे मुंबईत शाळा निघाल्यानंतर सहाच वर्षांनी, १८८१ साली, एलिएझेर बेन-येहूदा यरुशलेमला येऊन राहिले. हिब्रू पुस्तकातून काढून स्वयंपाकघरात आणावयाची, हा त्यांचा ध्यास. १८८२ साली मुलगा झाला, तेव्हा त्याच्या कानावर हिब्रूखेरीज दुसरी भाषा पडू नये अशी कडक शिस्त त्यांनी घरात लावली. त्या मुलाला बरोबरीचे सवंगडी नव्हते, घरात साध्या वस्तूंना शब्द नव्हते. वडील शब्द घडवीत आणि आई त्यांनी संसार चालवी. नव्या काळात हिब्रू ही जन्मभाषा असलेला पहिला मुलगा म्हणून तो ओळखला जातो. पुढे त्याने इतमार बेन-आवी हे नाव घेतले.

यरुशलेमच्या आलियान्स शाळेत निस्सीम बेहार हे मुख्याध्यापक होते. त्यांच्या शाळेत बेन-येहूदांनी ‘इव्रित बे-इव्रित’, म्हणजे हिब्रूतूनच हिब्रू, ह्या पद्धतीने शिकविले. १८८६ साली रिशोन लेत्सियोनला हिब्रू माध्यमाची शाळा सुरू झाली. १९२२ साली इंग्रजांच्या अमलाखाली हिब्रू ही देशाच्या तीन अधिकृत भाषांपैकी एक ठरली. त्याच वर्षी बेन-येहूदा वारले. विशेष म्हणजे हा बोलण्याचा आग्रह धरणारा मनुष्य आयुष्यभर शब्दकोशही लिहीत होता. त्याचे सतरा खंड पुरे व्हावयास १९५९ साल उजाडले. म्हणजे त्यांनीही पुस्तक सोडले नव्हते. घर आणि ग्रंथ दोन्ही चालू होते.

उल्पान आणि आपण

राज्य स्थापन झाल्यावर लाखो लोक नाना भाषा बोलत आले. १९४९ साली यरुशलेमच्या बाका भागात उल्पान एत्सियोन सुरू झाला. त्याची घडण करणारे मोर्देखाय कामरात हेही ‘हिब्रूतूनच हिब्रू’ ह्याच मताचे. दिवसाला सुमारे पाच तास, असे पाच महिने. वर्गात दहा देशांचे लोक असल्यामुळे एकमेकांशी बोलावयास हिब्रूशिवाय गत्यंतर नसे, हेच त्याचे खरे सामर्थ्य. जोडीला सोप्या हिब्रूची साधनेही आली. ‘ओमेर’ हे स्वरचिन्हांसह छापलेले दैनिक १९५१ साली निघाले.

सगळ्यांच्या वाट्याला उल्पान आला नाही. आरंभीचे वर्ग मुख्यतः शिकल्या-सवरलेल्या व्यावसायिकांसाठी होते. आपल्यातील कितीएक जण बेएर शेवा, लोद, अश्दोद, १९५५ साली वसलेले दिमोना, अशा ठिकाणी उतरले आणि दुसऱ्याच आठवड्यात कामावर गेले. त्यांचा उल्पान म्हणजे कापडाची गिरणी, बांधकाम आणि मकोलेत. शेजारी मोरोक्कोचा, वरच्या मजल्यावर रुमानियाचा, म्हणून हिब्रूही तशीच मिश्र आली.

त्या दिवसांच्या गमती घरोघरी सांगितल्या जातात. हिब्रूत ‘मी’ म्हणजे कोण. दार वाजविले की शेजारीण आतून विचारी, “मी?” आपली बाई बाहेरून मराठीत म्हणे, “मी!” आतली पुन्हा विचारी, “मी?” आणि हे बराच वेळ चाले. हिब्रूत ‘कान’ म्हणजे येथे. आमच्या परिचयाच्या एका मावशी पोटदुखीने दवाखान्यात गेल्या. डॉक्टर पोट दाबून विचारू लागले, “कान? कान कोएव?” मावशी वैतागल्या : “अहो, कान ठीक आहे, पोट दुखतंय!” पण घरी आल्यावर तो शब्द त्या जन्मात विसरल्या नाहीत.

मराठीने आपल्याला पुष्कळ हातही दिला. ‘तू जातोस’ आणि ‘तू जातेस’ हा भेद इंग्रजी बोलणाऱ्याला शिकवावा लागतो. आपल्याला ‘अता होलेख’ आणि ‘अत होलेखेत’ लगेच कळले. हिब्रू वर्तमानपत्रात स्वरचिन्हे नसतात, म्हणून नवा माणूस घाबरतो. आपल्यातील ज्या वडीलधाऱ्यांनी मोडी वाचली होती, त्यांना संदर्भाने वाचण्याची सवय होतीच.

पण ह्या यशाची दुसरी बाजू आहे. मुलांशी घरी हिब्रूतच बोला, असे शाळेतून सांगणे येई. आपण मुलांच्या भल्यासाठी ते मानले. काही वर्षांत मुले आईला मराठीत ऐकू लागली आणि उत्तर हिब्रूत देऊ लागली. त्यांच्या मुलांना तर ऐकूनही कळेनासे झाले. कोकणात हिब्रूचे जे झाले, तेच इस्राएलमध्ये मराठीचे झाले. तेव्हा शेमा उरला होता. आज कित्येक घरांत मलिदा, पोळी आणि आजी एवढेच शब्द उरले आहेत.

मोबाईलमधील मास्तर

आता सॉफ्टवेअरकडे वळू. यंत्राने शिकविण्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० साली ‘प्लेटो’ ही संगणकावर शिकविण्याची व्यवस्था सुरू झाली. ड्युओलिंगो २०१२ साली सर्वांसाठी खुले झाले आणि त्यात हिब्रू २०१६ साली आली. ह्या साधनांच्या मुळाशी जे तत्त्व आहे ते जर्मनीच्या हेर्मान एबिंगहाउस ह्यांनी १८८५ साली मांडले. शिकलेले आरंभी झपाट्याने विसरते, पण ठराविक अंतराने उजळणी केली तर टिकते. कोणता शब्द केव्हा पुन्हा विचारावा, हा हिशेब यंत्र आपल्यापेक्षा चोख ठेवते. ते हसत नाही, रागावत नाही, शंभर वेळा तेच म्हणून दाखविते. लाजाळू माणसाला आणि वयस्करांना हा केवढा आधार आहे!

तरी हिशेब करून पाहा. उल्पानचे पाच महिने म्हणजे सुमारे ५०० तास. मोबाईलवर रोज पंधरा मिनिटे, एकही दिवस न चुकता, म्हणजे वर्षाला ९१ तास. उल्पानइतके तास भरावयास साडेपाच वर्षे लागतील. आणि तासांपेक्षाही मोठा फरक असा, की यंत्र जो प्रश्न विचारते त्याचे उत्तर त्याला आधीच ठाऊक असते. मावशींचे पोट कोठे दुखते हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते. मावशींच्या उत्तराची तेथे कोणाला तरी गरज होती.

म्हणून ठाण्याच्या कुटुंबास आम्ही कळविले, की दोघांचेही खरे आहे. राहिलेल्या महिन्यांत मोबाईलवर अक्षरे, आकडे आणि चार-पाचशे शब्द पक्के करा. उल्पानचे पहिले महिने ‘आलेफ-बेत’ गिरविण्यात जाऊ देऊ नका. मात्र त्याला हिब्रू येणे समजू नका. येथे आल्यावर आपल्याच लोकांच्या गल्लीत दडून राहू नका. चुका होतील, लोक हसतील. आपल्यापैकी प्रत्येकाला कोणी ना कोणी हसलेले आहे.

आणि एक गोष्ट त्यांनी विचारली नव्हती तीही लिहिली. हिब्रू येईल, तिची काळजी नको. सभोवतालचा सारा देश ती शिकविणार आहे. जपावयाची आहे ती मराठी, कारण ती शिकविणारे येथे फक्त तुमचे घर असेल. आज आमच्याकडील काही नातवंडे आजीची भाषा शिकावी म्हणून मोबाईलमध्ये शोधाशोध करतात. मराठीसाठी तशी साधने थोडीच आहेत. आणि त्याच वेळी आजी शेजारच्या खोलीत एकटी बसलेली असते. तिला उत्तर हवे असते, आणि नातवंडाला प्रश्न. शब्बाथचे एक जेवण मराठीत करावयास कोणते सॉफ्टवेअर लागते? बेन-येहूदांनी एका घरापासून आरंभ केला होता, आणि त्यांच्या घरी साध्या वस्तूंना शब्दही नव्हते. आपल्या घरी शब्द आहेत, म्हणी आहेत, कीर्तने आहेत, आणि अजून बोलणारी माणसे आहेत.

विमानात सामानाच्या वजनाची मर्यादा असते हे आम्ही जाणतो. तरीही त्यांना शेवटी एवढे कळविले आहे, की भांडीकुंडी येथे मिळतात, ती थोडी कमी आणा. मुलीचे पाचवीचे मराठीचे पुस्तक मात्र पेटीत असू द्या.