हेल्मश्टेडचा कोळसा आणि मधून गेलेली सीमा

बर्लिनला जाताना हेल्मश्टेड आले की आपण मुलांना सांगतो, "इथे सीमा होती." ती कोळशाच्या खाणीतूनही गेली होती, हे मात्र आपल्यापैकी फारसे कुणाला ठाऊक नसते. मलाही कित्येक वर्षे नव्हते.

या खाणी 'ब्राउनश्वाइगिशे कोहलेन-बेर्गवेर्के' या कंपनीच्या. लोकांच्या तोंडी नुसते 'बे-का-बे'. स्थापना १८७३ ची. आपले वोल्फ्सबुर्ग १९३८ चे, म्हणजे कंपनी पासष्ट वर्षांनी थोरली! चंद्रपूरकडच्या मंडळींनी आपला दगडी कोळसा डोळ्यांपुढे आणू नये. हा लिग्नाइट, तपकिरी आणि ओलसर. लांब नेणे परवडत नाही, म्हणून खाणीशेजारीच जाळायचा. त्यासाठी १९०९ मध्ये हार्बके येथे वीजघर सुरू झाले.

युद्धानंतर सीमारेषा नेमकी या कोळशावरून गेली. तरी काही वर्षे काम कसेबसे चालले. २६ मे १९५२ रोजी पूर्व जर्मनीने सीमा बंद केली आणि हार्बकेचे वीजघर व वुल्फर्सडोर्फची खाण कंपनीच्या हातून गेली. पश्चिमेकडच्या कामगारांना आपल्याच कामावर जाता येईना. घर इकडे, हजेरी तिकडे! शेवटी पश्चिमेला ऑफलेबेनला नवे वीजघर बांधावे लागले.

गंमत पुढेच आहे. सीमेच्या बरोबर खाली कोळसा पडून होता आणि तो दोघांनाही हवा होता. १९७६ मध्ये दोन्ही जर्मनींनी त्यासाठी चक्क करार केला. माणसांना जे मिळत नव्हते, ते कोळशाला मिळाले.

कोळशाने घेतलेही बरेच. आल्व्हर्सडोर्फसारखी गावे उठली. इथल्या कोळशात गंधक फार, त्यामुळे बुशहाउसच्या नव्या वीजघरावरून १९८४ मध्ये संसदेला उन्हाळी सुट्टीत खास बैठक घ्यावी लागली. वीजघर १९८५ मध्ये चालू झाले, धुरातले गंधक काढणारी यंत्रणा १९८७ मध्ये आली. आणि श्योनिंगेनच्या खाणीत १९९४ पासून आदिमानवाचे लाकडी भाले सापडले, लाखो वर्षांपूर्वीचे. ते तिथल्याच संग्रहालयात आहेत, मुलांना जरूर दाखवा.

२०१६ मध्ये शेवटचा कोळसा निघाला, २०२० मध्ये बुशहाउस कायमचे बंद झाले. हेल्मश्टेड आणि वुल्फर्सडोर्फच्या जोडखाणीत आता पाणी साठते आहे. त्या तळ्याला लाप्पवाल्डझे म्हणतात. दोन राज्यांची हद्द अजूनही त्याच्या मधूनच जाते, पण पाण्यावर ती दिसत नाही.